पुनाची घागर

धुळ्यात आग्रा रोडवर ट्रकवाले चहाला थांबायचे, त्या थांब्याच्या मागच्या अंगाला चिंचगल्ली होती. चिंच कधीच तुटली होती, नाव तेवढं उरलं होतं. सभ्य माणसं दिवसाउजेडी त्या गल्लीचं नाव घेत नसत. पत्ता सांगायची वेळ आलीच तर तोंडाशी असलेल्या पानटपरीवर भागवत. या गल्लीत धुरपदाअक्काच्या घरात बेबाबाई राहत होती. साल एकोणीसशे शहाण्णव. गल्लीतल्या बायकांना निरोध वापरायला शिकवण्यात त्या वर्षी बेबाबाईचा हात धरणारं कोणी नव्हतं.

हे काम तिच्याकडे आलं प्रमिलाताईंमुळे. प्रमिलाताई गल्लीतल्या बायकांच्या आरोग्याचं काम करणाऱ्या एका संस्थेच्या. त्यांचं माहेर पाचोऱ्याकडचं, शेतकऱ्याचं, सासर धुळ्यातच. त्या पुण्याला प्रशिक्षण घेऊन आल्या आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी पिशवीतून एक केळं काढलं. केळ्यावर निरोध चढवून दाखवायचा, असं त्यांना पुण्यात शिकवलं होतं. पुण्यात केळं म्हणजे डझनावारी मिळणारं फळ. इथे केळीचे खांब कानबाईदेवीच्या मांडवाला लागतात. घरवाली धुरपदाअक्का ताडकन उठली आणि असला चावटपणा माझ्या घरात केळ्यावर चालायचा नाही, असं म्हणाली. एरवी त्या घरात काय काय चालायचं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण केळ्याची गोष्ट वेगळी. शेवटी भिकू नावाची घरातली सगळ्यात तरणी बाई फिदीफिदी हसत स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन आली आणि बैठक पार पडली. त्या लाटण्याने पुन्हा पोळी लाटायला मात्र कोणी तयार होईना, म्हणून ते बेबाबाईच्या खोलीत जाऊन पडलं.

पुढे तेच लाटणं घेऊन बेबाबाई घरोघर हिंडली. तिची जीभ धारेची होती आणि बायकांना हसवून शिकवायची तिची हातोटी होती. दारू पिऊन आलेल्याला कसं गुंडाळायचं, हट्टाला पेटलेल्याला कसं वाटेला लावायचं, सगळं ती साभिनय करून दाखवी. हळूहळू अशी वेळ आली की चिंचगल्लीत निरोधाशिवाय गिऱ्हाईक खोलीत जाईना. प्रमिलाताई खूश झाल्या. पण बायका आजारी पडायच्या त्या पडतच राहिल्या. तेव्हा एका बैठकीत त्यांनी सरळच विचारलं की, गिऱ्हाईक तर सगळे वापरतात, मग न वापरणारा राहतो कोण? सगळ्या बायका आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघायला लागल्या. बेबाबाईसुद्धा.

राहत होता तो कुंकवाचा माणूस. चिंचगल्लीत प्रत्येक बाईचा एकेक माणूस असायचा. तो अक्कासमोर नारळ फोडायचा, बाईच्या कपाळाला कुंकू लावायचा आणि त्या दिवसापासून ती त्याच्या नावाचं कुंकू लावायची. त्याचं नाव घेत नसे, त्याला अहोजाहो करी, त्याच्यासाठी दाळगंडोरी रांधून वाट बघत बसे. लग्न नव्हतं, पण त्या बायकांच्या वाट्याला आलेलं लग्नाच्या जवळचं असं तेवढंच होतं. आणि निरोध हा गिऱ्हाइकाचा. कुंकवाच्या माणसापुढे पाकीट काढणं म्हणजे त्याला तोंडावर गिऱ्हाईक म्हणणं, कुंकू आपल्या हाताने पुसणं. लाटण्यावर कितीही धडे गिरवले तरी या एका जागी येऊन सगळी विद्या थांबायची.

आता कोणी म्हणेल, एवढं काय त्या कुंकवाचं कौतुक? जिवापेक्षा कुंकू मोठं का? तर त्याला पुनाची हकीकत ठाऊक नाही.

पुना बेबाबाईच्या शेजारच्या खोलीत राहायची. दोन वर्षांपूर्वी ती वाळत वाळत गेली. तिचा कुंकवाचा माणूस उखर्डू, त्याला निरोपांवर निरोप गेले, पण बिमारीचं नाव कानावर पडल्यावर तो धुळ्याची वाट विसरला. पुनाचं प्रेत दिवसभर खोलीत पडून राहिलं. ऐन उन्हाळ्याचे दिवस. अक्काच्या घरातला एकही पुरुष हात लावीना आणि बायकांना अग्नी देण्याचा अधिकार नाही. शेवटी नगरपालिकेची गाडी आली आणि नाकाला फडकी बांधलेली माणसं तिला घेऊन गेली. कुठे नेलं, काय केलं, हे कोणाला कळलं नाही.

एवढ्यावर संपलं असतं तरी बायकांनी गिळलं असतं. पण पुढच्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशात आखाजीला दोन गोष्टी व्हायच्याच. सासुरवाशिणी माहेरी येऊन झोके घेतात, आणि घरातला पुरुष मेलेल्या माणसाच्या नावाने नवी घागर भरतो. घागरीवर खरबूज, सांजोरी ठेवायची, विस्तवावर तूप सोडून आगारी टाकायची, त्या मेलेल्या माणसाच्या जागी कोणाला तरी पितर म्हणून बसवून पोटभर जेवू घालायचं. उंबरठा सारवून त्यावर एकेका पितराचं नाव घेत कुंकवाचं एकेक बोट उमटवायचं. घागर भरली की मेलेल्याची तहान भागते, नाही भरली तर तो पाण्यासाठी दारोदार फिरतो. पुनाची घागर कोणी भरली नाही. अक्काने आपल्या घरच्या पितरांची बोटं उमटवली आणि कुंकवाची वाटी उचलून आत नेली.

तेव्हापासून मोरीतला नळ ठिबकला की कोणी तरी म्हणायचं, पुना आली. कळशी आपसूक लवंडली, पुना. रांजणाचा तळ लवकर दिसला, पुना. दिवसा या बायका त्यावर हसायच्या, पण प्रत्येकीने आपापल्या कुंकवाच्या माणसाला घट्ट धरून ठेवलं होतं. मरणाला त्या भीत नव्हत्या असं नाही. पण मरण एकदाच यायचं, आणि तहान मात्र कायमची होती.

बेबाबाईचा कुंकवाचा माणूस लोटन. रावेर-सावद्याकडून केळी भरून दिल्लीकडे ट्रक न्यायचा. मनाने वाईट नव्हता. येताना केळीची एखादी फणी आणायचा, कधी बऱ्हाणपूरची जिलेबी. बेबाबाईचं माहेर एरंडोलजवळच्या एका खेड्यात होतं. नवऱ्याने टाकल्यावर ती कुठे पोहोचली हे भावाला कळलं आणि त्याने दाराला आतून कडी घातली. त्यानंतर कुठल्याही आखाजीला तिला न्यायला मुराळी आला नाही. हे सगळं एकदा तिने लोटनला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला होता, "रडू नको. तू मरशी ना, तुनी घागर मी भरसू." कोणाला हे बोलणं अभद्र वाटेल. बेबाबाईला आयुष्यात कोणी याहून गोड काही बोललं नव्हतं.

माघात संस्थेने बायकांचं रक्त तपासून घेतलं. प्रमिलाताईंनी बेबाबाईला बाजूला घेऊन सांगितलं की तुझं रक्त चांगलं आहे, आता ते तसंच राखायचं. त्या दिवशी ती बाजारात गेली आणि उगाचच हिरव्या बांगड्या भरून आली. जगायचं आहे, हे तिला बऱ्याच वर्षांनी जाणवलं होतं.

आणि शिमग्याला लोटन आला. गालफडं बसलेली, पाठीवर पुरळ, अंगात कणकण. जीभ पांढरी. दिवसभर घरोघर जाऊन बायकांना जी लक्षणं ती बोटांवर मोजून दाखवायची, ती सगळी तिच्याच खाटेवर येऊन बसली होती. तिने ती पाहिली आणि तरीही काही बोलली नाही. लाटणं कोपऱ्यात होतं, पाकिटं फळीवर होती, आणि लोटन तिच्या कुंकवाचा माणूस होता. तो मुक्काम करून गेल्यावर ती मोरीत बसून कितीतरी वेळ अंगावर पाणी ओतत राहिली. पाण्याने काय होणार होतं?

त्यानंतर तिने बहाणे सुरू केले. चैत्रात तो आला तेव्हा ती बाहेरची झाली होती. पुन्हा आला तेव्हा तिने देवीचा नवस सांगितला. तो कुरकुरला, पण नवस म्हटल्यावर गप्प बसला. तिसऱ्या खेपेला बहाणे संपले. तिने फळीवरचं पाकीट काढलं आणि त्याच्याकडे न बघता खाटेवर ठेवलं.

लोटन पाकिटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी काय तुनं गिऱ्हाईक शे का?"

तिने त्याला समजावलं, जसं बायकांना समजावी तसं. पण हसवता येईना, आणि तिच्याच तोंडचे शब्द तिला परके वाटायला लागले. त्याने ऐकून घेतलं, सदरा अडकवला आणि दारात जाऊन थांबला.

"आखाजीले येसू," तो म्हणाला. "तवलोंग इचार कर. गिऱ्हाईकच पाहिजे व्हयी, ते तुनी घागर भराले दुसरा देख."

तो गेला आणि बेबाबाई अडकली. त्याला खोलीत घेतलं तर जीव जाणार. नाही घेतलं तर जीव राहील, पण पुढे कधी तरी पुनाच्या वेळेसारखी ती नाकाला फडकी बांधलेली माणसं येणार, आणि मग नळ ठिबकला की कोणी तरी म्हणणार, बेबा आली. दोन्हीकडून दार बंद होतं. रात्री तिला झोप येईना.

अखेर तिने प्रमिलाताईंपुढे मन मोकळं केलं. ताईंना आधी राग आला. एवढं शिकवलेली बाई घागरीसाठी मरायला निघाली, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. मेल्यावर कोणी काय केलं, आपल्याला थोडंच कळतं, असं त्या म्हणाल्या.

"ताई," बेबाबाई म्हणाली, "आखाजीला तुम्ही कुठे असता?"

प्रमिलाताई बोलता बोलता थांबल्या. आखाजीला त्या पाचोऱ्याला असत. भाऊ घ्यायला येई. वडील गेल्यापासून तोच घागर भरायचा, आणि बोटं उमटवली जात असताना त्या उंबरठ्याशी बसून नावं सांगायच्या. वडिलांच्या नावाला दरवर्षी त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मेल्यावर काही कळत नाही म्हणणारी ही बाई एकाही आखाजीला चुकली नव्हती.  मग त्या म्हणाल्या की तुमच्या घागरी संस्था भरेल.

बेबाबाई हसली. संस्थेचा काय भरवसा? आज इथे आहे, उद्या वरून मदत थांबली की कुलूप. घागर घराने भरायची असते, आणि तिचं घर म्हणजे धुरपदाअक्काचं घर. बरं की वाईट, दुसरं नव्हतं.

अक्काला या सगळ्याची कुणकुण लागलीच. कुंकवाची ही रीत तिच्या चांगलीच पथ्यावर पडणारी होती. ज्या बाईच्या कपाळाला कुंकू लागलं ती गल्ली सोडून पळत नाही. माणूस यायचा तो इथेच येणार, तर ती जाणार कुठे? दाराला कुलूप लावण्यापेक्षा हे बरं. अक्का काही तसं उघड बोलायची नाही. ती बेबाबाईला मायेने म्हणाली की पोरी, एवढ्या तेवढ्यावरून माणूस तोडू नको, म्हातारपणी कोण आहे आपल्याला? हे म्हणताना अक्काचा आवाज भरून आला होता आणि तो खोटा नव्हता. तिचा कुंकवाचा माणूस जीवराम मरून जमाना झाला होता. तिची घागर कोण भरणार, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी बेबाबाई बाजारात गेली. कुंभारांनी रस्त्याच्या कडेला लाल घागरींची रास मांडली होती. बाप्ये घागरी वाजवून बघत होते. तिने एक उचलली, बोटाने टिचकी मारली, खणखणीत वाजली. कुंभाराने सहज विचारलं, कोणासाठी? तिच्या तोंडून निघून गेलं, बहिणीसाठी. घागर कडेवर घेऊन ती गल्लीत शिरली तेव्हा पानटपरीवरची माणसं बघत राहिली.

सकाळी तिने उंबरठा सारवला. उंबरठा सगळ्या घराचा होता, तो सारवायला कोणाची ना नव्हती. मग तिने घागर आणून दारातल्या चौरंगावर ठेवली आणि रांजणातून पाणी भरायला लागली, तेव्हा अक्का बाहेर आली.

"कोनी घागर शे ही?"

"पुनानी," बेबाबाई म्हणाली.

"बाईमानूस घागर भरस का कधी?" अक्का म्हणाली. सगळ्या बायका खोल्यांच्या दारांत येऊन उभ्या होत्या. एकीने सांगितलं की बाईच्या हातचं पाणी पितराला पोचत नाही, उलट पितर कोपतो. दुसरी म्हणाली, नको बेबाबाई, नाही ते घरात शिरेल. बेबाबाईला स्वतःलाही भीती वाटत होती.  पण तिने विचार केला होता तो एवढाच, की पुना आता आहे त्याहून जास्त तहानलेली काही व्हायची नाही. हे ती बोलली आणि घागर काठोकाठ भरली.

राहता राहिला प्रश्न पितराचा. पुनाच्या जागी बसून जेवणार कोण? घरातली बाई चालत नाही, बाहेरची लागते, आणि बाहेरची कोण या घरात येऊन जेवणार? बेबाबाईने प्रमिलाताईंना निरोप धाडला होता, पण येतीलच असं तिने धरलं नव्हतं. बैठकीला येणाऱ्या ताई कपभर चहा घ्यायच्या, तोही अर्धा ठेवायच्या. आणि आज तर त्यांचा पाचोऱ्याला जायचा दिवस.

ऊन चढल्यावर ताई आल्या. भाऊ घ्यायला आला होता, त्याला घरी बसवून आल्या होत्या. काय सांगून आल्या, ते त्यांनी सांगितलं नाही. बेबाबाईने त्यांना पाटावर बसवलं, पाय धुतले, कपाळाला कुंकू लावलं. पानात खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, सांजोऱ्या, कुरडया. ताईंनी पहिला घास हातात घेतला आणि तो तसाच राहिला. मेलेल्या बाईच्या नावाने जेवायचं, तेही इथे. लहानपणापासून अंगात मुरलेलं सगळं त्यांच्या हाताला धरून मागे ओढत असणार. बायका बघत होत्या. मग ताईंनी घास तोंडात घातला, आणि एकदा सुरुवात केल्यावर पान स्वच्छ केलं. शेवटी त्यांनी पाणी मागितलं. बेबाबाईने पुनाच्या घागरीतलं भांडंभर पाणी दिलं. ताई ते घटाघटा प्यायल्या, आणि खोलीच्या दारात उभी असलेली भिकू तोंडाला पदर लावून रडायला लागली.

बेबाबाईने कुंकवात बोट बुडवलं आणि उंबरठ्यावर उमटवलं. पुना. एवढंच नाव घेतलं, कारण पुनाच्या बापाचं नाव त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं.

प्रमिलाताई गेल्या आणि तिसऱ्या प्रहरी लोटनचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी थांबला.

तो आला तो भिंतीला हात टेकत आला. शिमग्यापासूनच्या दीड महिन्यात माणूस अर्धा झाला होता. एका हातात केळीची फणी होती. दारातली घागर बघून तो उंबरठ्याबाहेरच थबकला. कोणाची, म्हणून त्याने विचारलं. बेबाबाईने सांगितलं. त्याला ते एकदम कळलं, की तिने घागर भरायला शिकून घेतलं. तो तिथेच पायरीवर बसला.

बेबाबाई उंबरठ्याच्या आत बसली. मध्ये घागर होती. तिला त्याची कीव आली. त्याचं डोकं मांडीवर घ्यावं, असं मनापासून वाटलं. तिने हळू आवाजात सांगितलं की हे दुखणं साधं नाही, दवाखान्यात चला, मी बरोबर येते, रक्त दाखवू.

"दखाडेल शे," लोटन म्हणाला.

इंदूरकडे त्याच्या ट्रकला अपघात झाला होता. तिथल्या एका दवाखान्यात पाय शिवताना रक्त तपासलं आणि डॉक्टरने त्याला समोर बसवून सगळं सांगितलं होतं. हे तो केळीच्या फणीकडे बघत बोलला.

"कवयपाईन माहीत शे तुम्हले?" बेबाबाईने विचारलं.

"दिवाळीपाईन."

दिवाळी. तिने मनातल्या मनात महिने पुढे सरकवले. दिवाळीनंतर माघ, माघात तिने हिरव्या बांगड्या भरल्या. त्यानंतर शिमगा. शिमग्याला तो तिच्या खाटेवर आला तेव्हा त्याला ठाऊक होतं. तिला नुसता संशय होता, त्याला ठाऊक होतं. आणि पाकीट काढल्यावर तो गिऱ्हाइकाच्या गोष्टी बोलला होता.  तिने एवढंच विचारलं की का.

लोटनने मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं. "घरना लोक पानी बी दूरथीन देतस," तो म्हणाला. "एकला मरानी भीती वाटस मले. मन्ह मन बोलनं, तू तरी संगे यावशी."

म्हणजे घागर भरायला मागे राहणारा माणूस तिला बरोबर न्यायला आला होता. बेबाबाईने त्याच्याकडे पाहिलं. किती वर्षं याच्या नावाचं कुंकू लावलं, किती आखाज्या याच्या एका शब्दावर काढल्या. राग यायला हवा होता, तोही धड येईना. भीती वाटते म्हणून माणूस काय करेल याचा नेम नाही, हे तिला समजत होतं. ती स्वतः काय वेगळं करत होती? पण समजलं म्हणून दार उघडायचं नसतं.

तिने भांडं घागरीत बुडवलं, त्याला प्यायला पाणी दिलं. दुरून नाही, त्याच्या हाताला हात लागेल असं दिलं. तो प्यायला. भांडं परत घेऊन ती उभी राहिली, आणि अक्काच्या, भिकूच्या, सगळ्या बायकांच्या देखत, जे नाव तिने कुंकू लागल्या दिवसापासून कधी उच्चारलं नव्हतं ते घेतलं.

"लोटनभाऊ," ती म्हणाली, "आते जा तुम्ही."

लोटनने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने त्याला ओळखलंच नाही. भाऊ म्हटल्यावर बोलायला काही उरलंच नव्हतं. तो भिंतीला धरत उठला आणि आला तसा गेला. केळीची फणी पायरीवरच राहिली.

तिने पदराने कपाळ पुसलं.  शिमग्याच्या त्या मुक्कामाने तिच्या रक्ताचं काय केलं, ते पावसाळ्यात पुन्हा तपासल्यावरच कळणार होतं. घर तेच होतं, दार तेच होतं, आणि दिवे लागले की गिऱ्हाइकं येणारच होती. सुटका अशी काही झाली नव्हती. एक गाठ तेवढी तिने आपल्या हाताने तोडली होती, आणि त्या गाठीला ती लटकलेली होती हे आता तिला कळत होतं.

अक्का म्हणाली, "झायं तुना मनसारखं? आते तुनी घागर कोन भरी, बेबा?"

अक्काने ते टोचायला म्हटलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.  बेबाबाईने एकीकडून दुसरीकडे सगळ्यांकडे पाहिलं, आणि ज्या ज्या बाईकडे पाहिलं तिने नजर खाली घातली.

"मी भरसू," भिकू म्हणाली. रडून तिचं नाक लाल झालं होतं. "बेबाबाईनी घागर मी भरसू."

बेबाबाई तिच्याकडे बघत राहिली. जेमतेम विशीतली पोर. कपाळाला तोतारामच्या नावाचं ठसठशीत कुंकू. तोताराम जिनिंगात हमाली करायचा, आणि तो दर आखाजीला संध्याकाळी यायचाच. भिकूने त्याच्यासाठी दुपारीच वेणीफणी करून ठेवली होती.

बेबाबाई खोलीत गेली. फळीवरची पाकिटं घेऊन बाहेर आली आणि ती सगळी भिकूच्या ओंजळीत ठेवली.

"मंग तुले मना मांगे जगनं पडी," ती म्हणाली.

भिकूने पाकिटांवर दोन्ही हातांची मूठ केली.  गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजली, तिला ओळखीची, आणि तिने उंबरठ्यावरच्या पुनाच्या त्या एका बोटाकडे पाहिलं.